शटडाऊन, अडवलेले पैसे आणि भाच्याचं लोन

प्रश्न : लेक-जावई न्यू जर्सीत असतात. २०२५ च्या ऑक्टोबरात जावयाची नोकरी बदलायची होती तर एच-वन-बीचं काम अडकलं, का तर म्हणे सरकार बंद आहे. एवढा श्रीमंत देश आणि सरकार बंद पडतं? - एक वाचक, सांगली

उत्तर : काका, पैसे संपले म्हणून नाही हो पडत बंद, पैसे असतात, ते खर्चायची परवानगी संपते. तिथल्या घटनेत सरळ लिहिलंय की काँग्रेसने (म्हणजे तिथली संसद, आपला पक्ष नव्हे) कायदा केल्याशिवाय तिजोरीतून छदामही काढायचा नाही. त्यांचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्याआधी खर्चाची १२ बिलं पास व्हायला हवीत, आणि १९७७ पासून सगळी बिलं वेळेत झालीयत फक्त ४ वेळा! बाकी सगळी वर्षं मुदतवाढीवर काढायची, तीही जमली नाही की कुलूप.

गंमत म्हणजे १९८० पर्यंत मंजुरी लटकली तरी ऑफिसं कशीबशी चालूच राहायची. मग तेव्हाचे अध्यक्ष कार्टर यांच्या अ‍ॅटर्नी जनरलने, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याने, बेंजामिन सिव्हिलेटी यांनी, १८८४ चा एक जुना कायदा काढून सांगितलं की मंजुरी नाही तर काम नाही, जीव नि मालमत्ता वाचवायचं काम तेवढं सोडून. त्यामुळे एअर ट्रॅफिक कंट्रोलर बिनपगारी राबतात आणि बाकीचे घरी बसतात, आणि २०१९ च्या कायद्याने घरी बसलेल्यांनाही नंतर मागचा पगार द्यावा लागतो, म्हणजे काम शून्य आणि बिल पूर्ण. २०२५ चं शटडाऊन ४३ दिवस चाललं, तोवरचं सगळ्यात लांब. जावईबापूंचं म्हणाल तर इमिग्रेशन खातं फीवर चालतं त्यामुळे ते सुरू होतं, पण त्याआधी लेबर डिपार्टमेंटचा एक कागद लागतो आणि ते खातं ठप्प, तिथे अडलं घोडं.

आपल्याकडे लोकसभेत बजेट पडलं की सरकारच पडतं, आणि उशीर होणार असेल तर लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चाची आगाऊ मंजुरी, घेतात. तिकडे अध्यक्ष चार वर्षं हलत नाही, मग दोन्ही बाजू हट्टाला पेटून खुशाल बसतात.

प्रश्न : मंजूर झालेले पैसे ट्रम्पने दिलेच नाहीत म्हणतात. पैसे वाचवले तर ती काटकसरच ना? त्यात कोर्ट कशाला? - एक वाचक, ठाणे

उत्तर : हे अध्यक्ष निक्सनलाही वाटलं होतं. १९७२ मध्ये नद्यांमधलं प्रदूषण थांबवायचा कायदा आला, निक्सनने व्हेटो केला, म्हणजे सही नाकारली, काँग्रेसने तो व्हेटो उलथवला. तर या माणसाने पहिल्या दोन वर्षांच्या ११ अब्ज डॉलरपैकी ५ च वाटायला सांगितले. न्यूयॉर्क शहराला सांडपाण्याच्या प्लांटसाठी पैसे हवे होते, ते कोर्टात गेले आणि १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्याने असा हात आखडायची मुभा दिलेली नाही. तोवर निक्सन घरी गेला होता आणि १९७४ चा कायदाही झाला होता, की पैसे नको असतील तर काँग्रेसला विचारा, ४५ दिवस थांबा, त्यांनी होकार दिला नाही तर गपचूप खर्च करा.

आता यातली फट बघा. वर्ष संपतं ३० सप्टेंबरला, आणि ट्रम्पने परदेशी मदतीचे ४.९ अब्ज डॉलर नको म्हणून कळवलं २०२५ च्या ऑगस्टच्या शेवटी, ४५ दिवस भरायच्या आत वर्षच खलास, आणि त्याबरोबर त्या पैशांची मंजुरीही! २६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने तातडीच्या अर्जावर सुमारे ४ अब्ज तूर्त रोखून धरायला परवानगी दिली, तीन न्यायमूर्ती विरोधात होते. परदेशी मदत द्यावी की नाही यावर भांडा हवं तेवढं, माझं म्हणणं वेगळंय. १९९६ मध्ये खुद्द काँग्रेसनेच कायदा करून अध्यक्षाला बिलातला नको तो खर्च खोडायचा अधिकार दिला होता, तो क्लिंटनने वापरलाही, आणि १९९८ मध्ये याच कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला. जे कायदा करूनही देता आलं नाही ते आता कॅलेंडर बघून मिळतंय, हे मला तरी पटत नाही.

प्रश्न : बायडेनची विद्यार्थी कर्जमाफी कोर्टाने का उडवली? माझा भाचा तिथे एमएस करतोय, परत काही स्कीम आली तर त्याला फायदा होईल का? - एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण तेच, उलट्या बाजूने : पैशाचा निर्णय काँग्रेसचा, तिने दिलेले अडवायचे नाहीत तसे तिने न दिलेले वाटायचेही नाहीत. बायडेनने २००३ च्या एका कायद्यातल्या दोन शब्दांवर, म्हणजे अटी 'माफ करणे किंवा बदलणे', सुमारे ४३० अब्ज डॉलरची माफी उभी केली होती, जून २०२३ मध्ये कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने म्हटलं की एवढं मोठं काँग्रेसने काही दिलेलं नाही.

भाच्याचं मात्र विसरा. ही माफी अमेरिकी सरकारच्या कर्जाला होती, आणि स्टुडंट व्हिसावर गेलेल्या पोरांना ते कर्ज मिळतच नाही. त्याचं लोन बहुधा इथल्याच बँकेचं असणार, तुम्ही जामीन राहिलायत का ते आधी बघा.