युद्ध संपल्यावर त्याचं दुःख किती पिढ्या टिकतं?

पानिपताचंच बघा. १४ जानेवारी १७६१ ला लढाई एका दिवसात आटोपली. आज अडीचशेहून जास्त वर्षं झाली, तरी कुणाचा धुव्वा उडाला की 'पानिपत झालं' असंच आपल्या तोंडून निघतं. आणि 'विश्वास तर पानिपतातच गेला' म्हणताना सतरा-अठरा वर्षांचे विश्वासराव किती जणांना आठवतात?

मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गमावलेले नानासाहेब पेशवे खचले आणि त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात पर्वतीवर वारले. मला मात्र सगळ्यात जास्त चटका लावतात त्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई. भाऊ गेले हे त्यांनी मानलंच नाही, कपाळावरचं कुंकू पुसलं नाही. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला तेव्हा हजारो लोक त्याच्यामागे गेले. कितीतरी घरांतली माणसं परतली नव्हती, म्हणून भाऊ परत आले असं वाटणं लोकांना हवंच होतं. १७७६ मध्ये त्या तोतयाला देहदंड झाला.

दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं अजूनही पानिपतला काला आंबच्या स्मारकापाशी जातात आणि तिथली माती कपाळाला लावतात.