प्रयोगातील चल आणि नियंत्रण: नव्या विद्यार्थ्यासाठी

छापलेल्या शब्दामुळे त्याच्या शाईचा रंग ओळखण्यात अडथळा येतो का, हे मराठी शब्दांवर तपासण्याची तुमच्या प्रयोगाची कल्पना चांगली आहे. मात्र मांडणी ठरवण्यापूर्वी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्ट्रूप यांचा १९३५ मधील प्रयोग नीट समजून घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन. त्यातील एका भागात विद्यार्थ्यांना १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले, तर विसंगत शाईत छापलेल्या (जसे हिरव्या शाईतील ‘लाल’) तेवढ्याच रंगनामांच्या शाईचा रंग सांगायला ११०.३ सेकंद लागले. येथे तक्त्याचा प्रकार (चौकोनांचा की शब्दांचा) हा स्वतंत्र चल, म्हणजे आपण बदलतो तो घटक; लागलेला वेळ हा परतंत्र चल, म्हणजे आपण मोजतो तो घटक; आणि चौकोनांचा तक्ता हे नियंत्रण, म्हणजे तुलनेचा आधार होय. तो तक्ता नसेल, तर ११० सेकंद जास्त की कमी, हे ठरवायला आधारच उरत नाही.

खरी कसोटी बाह्य चलांची, म्हणजे निकालावर नकळत परिणाम करणाऱ्या इतर घटकांची असते. पुण्यात इंग्रजी माध्यमातून शिकलेला प्रयुक्त (प्रयोगात भाग घेणारी व्यक्ती) देवनागरीतील ‘हिरवा’ हा शब्द सावकाश वाचत असेल, तर रंग सांगताना त्याला शब्दाचा होणारा अडथळाही कमी भरू शकतो. म्हणून शालेय माध्यमाची नोंद आधीच घ्यावी. मी एकदा सर्वांना चौकोनांचा तक्ता आधी दिला, आणि पडलेला फरक शब्दांमुळे की थकव्यामुळे, हे मला शेवटपर्यंत सांगता आले नाही. त्या वाया गेलेल्या कामाचे दुःख अजून आहे. तुम्ही चिठ्ठ्या टाकून निम्म्या प्रयुक्तांना उलट क्रम द्यावा. काहींना लक्ष्मी रस्त्याकडच्या गोंगाटी खोलीत आणि काहींना आतल्या खोलीत बसवू नये. खोली, उजेड आणि लिहून वाचलेल्या सूचना सर्वांसाठी एकच असाव्यात.