ओळीतला शेवटचा शब्द ती का गाळते?

तासगावच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी अकरावी सायन्सला. नवव्या वर्षी मेंदूचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती, आता चालते-बोलते. ‘बरी झाली, पण आळशी झाली. पेपर अर्धवट सोडते, उतरवून घेताना ओळीतला शेवटचा शब्द खाते. डोळे तपासले, नंबर नाही. रोज पहाटे चारला उठवून उजव्या हाताने दोन पानं लिहून घेतो, डावा वापरू देत नाही. मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेला क्लास कुठला लावू? अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढणार नाही, उद्या लग्नाचं बघायचंय.’

नीटचं राहू द्या. ती पहाटेची दोन पानं आधी बंद करा. फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम वेगळे आणि ही शिक्षा वेगळी. पत्राच्या तळाशी तुम्ही जाता जाता लिहिलंय की फिटच्या गोळ्या चालू आहेत. अहो, अपुरी झोप हे फिट येण्याचं नेहमीचं निमित्त! तिला झोपू द्या, आणि डाव्या हाताने लिहू द्या.

आता तो ‘खाल्लेला’ शब्द. उजवी बाजू गेली म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या भागाला. दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं जे दिसतं, ते त्याच भागात पोचतं. तिथे धक्का बसला असेल तर नजर तीक्ष्ण असूनही उजवी कड दिसतच नाही, आणि ती दिसत नाही हे मुलालाही कळत नाही. नंबरच्या तपासणीत हे सापडत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना ‘व्हिज्युअल फील्ड’ची, म्हणजे पेरिमेट्रीची तपासणी करा म्हणून स्पष्ट सांगा. दोष निघाला तर वहीच्या प्रत्येक पानाला उजव्या कडेला लाल उभी रेघ मारून द्या. रेघ दिसेपर्यंत नजर न्यायची, मगच पुढची ओळ. कदाचित निघणारही नाही. पण तपासण्याआधी पोरीला निष्काळजी म्हणू नका.

पेपर सुटण्याचं कारण तिच्या जुन्या उत्तरपत्रिकेतच शोधा. पहिल्या तासाचं अक्षर आणि तिसऱ्या तासाचं अक्षर शेजारी ठेवून पाहा. अक्षर ढासळत गेलं असेल आणि कोरे राहिलेले प्रश्न तिला तोंडी येत असतील, तर तो थकवा आहे. झटक्यानंतर मेंदू लवकर दमतो, वर्षं उलटली तरी. बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. अर्ज कॉलेजमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो. लेखनिकही मागता येतो, पण तोंडी सांगून लिहवून घ्यायचा सराव लागतो. बोलताना तिला शब्द आठवायला वेळ लागत असेल तर नुसता जादा वेळच बरा.

त्यासाठी सर्टिफिकेट लागेल. स्थळ घेऊन येणाऱ्यांना तिच्या चालण्यातला फरक दिसणारच आहे. कागद न काढून बुडतो तो फक्त तिचा हक्काचा एक तास. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी सरकारचं ‘स्वावलंबन’ पोर्टल आहे, तिथे अर्ज करा. तपासणीला जुनं डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट आणि गोळ्यांची चिठ्ठी न्या, आणि डॉक्टरांसमोर ‘नीट चालून दाखव’ असं तिला अजिबात सांगू नका. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त निघालं तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित कॉलेजांत 5 टक्के राखीव जागा आहेत. कमी निघालं तरी लेखनिकाचा रस्ता बंद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्येच सांगितलंय.

मेडिकलचंही तसंच. त्याच न्यायालयाच्या ऑक्टोबर 2024 च्या निकालानुसार नुसत्या अपंगत्वाच्या टक्क्यांवरून प्रवेश नाकारता येत नाही. पण तिला डॉक्टर व्हायचंय का, हे तुमच्या दोन पानी पत्रात कुठेच नाही.

एक मात्र आहे, तेही तक्रारीच्या सुरात: ‘अभ्यास सोडून बागेच्या फवारणीच्या नोंदी आणि बेदाण्याचा हिशेब मोबाइलवर चोख ठेवत बसते.’ चोख! त्या अरुंद स्क्रीनवर आकडे गळत नाहीत, डावा अंगठा पुरतो. कॉमर्सला शाखा बदलून मिळते का, ते याच आठवड्यात कॉलेजात विचारा. तिला कॉम्प्युटरवर बसवा. शिफ्टची कळ पाच वेळा दाबली की विंडोजमध्ये ‘स्टिकी कीज’ सुरू करता येतं, मग दोन कळा एकदम दाबाव्या लागत नाहीत. डाव्या हाताची चार बोटं एफ, जी, एच, जे या कळांवर ठेवून रोज वीस मिनिटं टायपिंग, एवढंच. आणि पुढचं पत्र तिलाच टाइप करू द्या, तुम्ही न वाचता पाठवा.