अ‍ॅम्बॅसेडर हायवेवर गरम होते: हेड उघडण्याआधी हे बघा

तुम्ही लिहिलंय की मार्क ४ पेट्रोल गाडी नागपुरात व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर उभी राहिली तरी ठीक असते, पण वर्धा रोडला बुटीबोरीकडे सत्तरने पळवली की तापमानाचा काटा चढतो. मेकॅनिकने थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) काढला, वॉटर पंप बदलला, आता हेड (इंजिनचा वरचा भाग) उघडू म्हणतो. भाऊ, तूर्त हेडला हात लावू देऊ नका.

उभ्या गाडीत काटा चढला असता तर फॅन आणि बेल्ट बघायला सांगितलं असतं. पळताना वारा भरपूर मिळतो, तरी तापते. म्हणजे एक तर पाणी पुरतं फिरत नाही, नाही तर इंजिनच जास्त तापतंय. थर्मोस्टॅट काढूनही फरक पडला नाही, तेव्हा दोष त्याचा नव्हता. हिवाळ्याआधी तो परत बसवा. इंजिन थंड चाललं की पेट्रोल जास्त खातं आणि झिजतंही लवकर.

माझा पहिला संशय रेडिएटरवर. आपल्याकडे सर्रास बोअरचं पाणी भरतात, त्याचे क्षार नळ्यांत साचतात. गाडी फिरवून आणा, इंजिन बंद करा आणि जाळीवरून जपून हात फिरवा. वरून खाली कोमट होत जाणं ठीक. मध्येच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या चोक आहेत. रेडिएटरची टाकी उघडून रॉडिंग करून घ्या, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ करून घ्या. नुसतं अ‍ॅसिडने धुणं मला पटत नाही: पूर्ण बुजलेल्या नळीतून ते जातच नाही, उलट जुने सांधे गळायला लागतात.

मग रेडिएटरचा खालचा होज. पंप याच पाइपातून पाणी ओढतो. कुणाला तरी रेस द्यायला सांगून बघत राहा. पाइप चपटा होत असेल तर आतली स्प्रिंग गंजून गेलीय किंवा रबर मऊ पडलंय. नवा टाका.

टायमिंग मागे असलं, म्हणजे प्लगची ठिणगी उशिरा पडली, तरी इंजिन तापतं, आणि हे फार जण बघत नाहीत. डिस्ट्रीब्युटरची (प्लगना करंट वाटणाऱ्या भागाची) व्हॅक्यूम नळी कार्बुरेटरकडून काढा, तोंडाने ओढा, टोकावर जीभ धरा. आतली प्लेट हलून तशीच राहिली पाहिजे. लगेच परत आली तर व्हॅक्यूमचा पडदा फाटलाय, त्यामुळे टायमिंग पुढे सरकत नाही.

हेडची शंका असेलच तर सकाळी थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करा. बुडबुडे सतत येत राहिले तर हेडखालचं गॅस्केट गेलंय. मग खुशाल उघडा, पण हेड खालून सपाट आहे का ते तपासूनच बसवा. गरम इंजिनवर झाकण कधीच उघडू नका.