पाण्यात जन्मलेले बाळ गुदमरत कसे नाही?

प्रश्न : आमचे गाव दर्यापूर तालुक्यात आहे आणि माझी पत्नी सात महिन्यांची गरोदर आहे. तिने मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली. त्यात कोमट पाण्याच्या टबात बसलेल्या बाईचे बाळंतपण होते, बाळ पाण्यातच जन्मते आणि वर उचलल्यानंतर श्वास घेते. माझी आई म्हणते की असे केले तर नाकातोंडात पाणी जाऊन बाळ दगावेल. बाळ पाण्याखाली गुदमरत कसे नाही, आणि आमच्याकडे हे करता येईल का? आमच्या घरी सिमेंटचे मोठे टाके आहे, म्हणून विचारतो.
(एक वाचक, जि. अमरावती)

उत्तर : आपल्या आईंची भीती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही; ती नेमकी कुठे खरी ठरते, ते पुढे सांगतोच. आधी आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळू.

जन्माला येणारे बाळ हवेतून पाण्यात पडत नसते, ते पाण्यातूनच आलेले असते. नऊ महिने ते गर्भजलात असते आणि त्याची फुफ्फुसे हवेने नव्हे, तर त्यांनी स्वतःच स्रवलेल्या द्रवाने भरलेली असतात. दिवस भरलेल्या बाळात हा द्रव वजनाच्या दर किलोमागे साधारण २० ते ३० मिली भरतो. प्राणवायू पुरवण्याचे काम तेव्हा वार करीत असते आणि तो नाळेतून बाळापर्यंत पोहोचतो. सोनोग्राफीत पोटातल्या बाळाची छाती हलताना दिसते, पण तो नुसता सराव असतो, आणि बाळंतपण जवळ येते तशी ही हालचालही मंदावते. वारेत तयार होणारे प्रोस्टाग्लँडिनसारखे पदार्थ बाळाच्या मेंदूतील श्वासकेंद्राला दाबून ठेवतात, हे त्यामागचे एक कारण आहे. थोडक्यात, नाळ चालू असेपर्यंत निरोगी बाळाला श्वास घेण्याची गरजही नसते आणि तशी आज्ञाही मिळालेली नसते.

टबातील पाणी शरीराइतकेच कोमट असेल, तर त्यात आलेल्या बाळाच्या चेहऱ्याला गार हवा लागत नाही. घशात, स्वरयंत्राच्या तोंडाशी, अशी सोय असते की तेथे परके पाणी लागले तर श्वास रोखला जातो आणि बाळ ते गिळून टाकते. वर उचलल्यावर मात्र सारे एकदम बदलते. ओल्या अंगाला गारवा लागतो, हातांचा स्पर्श होतो, नाळेतील रक्तप्रवाह मंदावल्यामुळे वारेचा तो दाब ओसरतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि बाळ पहिला श्वास ओढते.

हा पहिला श्वास सोपा नसतो. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या कडा एकमेकींना चिकटल्या की ती उघडायला किती जोर लागतो, ते आठवून पाहा. फुफ्फुसातील लाखो वायुकोशांची तीच गत असते. त्यांच्या आतील अस्तरावर सर्फॅक्टंट नावाचा साबणासारखा पातळ थर असतो आणि त्यामुळे ते श्वास सोडल्यावर पुन्हा मिटत नाहीत. मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवून दिले की अपुऱ्या दिवसांच्या ज्या बाळांना श्वास घेता येत नव्हता, त्यांच्यात हाच थर कमी होता. साधारण ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना श्वासाचा त्रास अधिक का होतो, त्याचे मोठे कारण हे आहे.

मग फुफ्फुसातील द्रव जातो कुठे? जन्ममार्गातून येताना तो पिळून निघतो असे पूर्वी समजले जाई आणि ते काही अंशी खरेही आहे. परंतु मुख्य काम कळा करतात. कळांच्या ताणामुळे बाळाच्या अंगात अॅड्रेनलिन वाढते, द्रव स्रवणारी फुफ्फुसे उलट तो शोषून घेऊ लागतात आणि उरलेला द्रव पहिल्या श्वासांबरोबर मागे ढकलला जाऊन रक्तात मिसळतो. कळा सुरू होण्याआधीच सिझेरियन झालेली काही बाळे पहिले काही तास भरभर श्वास घेतात, ती याच कारणाने. कळा म्हणजे आईला होणारा निव्वळ त्रास, असे मानणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

आता आईंच्या भीतीबद्दल. वर सांगितलेला सारा बंदोबस्त निरोगी बाळापुरता आहे. कळांच्या काळात नाळ दाबली गेल्यामुळे किंवा अन्य कारणाने ज्या बाळाला प्राणवायू कमी पडला असेल, ते पोटात असतानाच आचके देऊ लागते. असे बाळ पाण्याखाली आले, तर ते पाणी थेट फुफ्फुसात ओढते. बाहेर हवेत आलेले डोके पुन्हा पाण्यात जाता कामा नये, हा नियमही त्यासाठीच आहे. बाळ घाईने वर ओढल्यास नाळ तुटून रक्तस्राव होऊ शकतो, आणि पाणी दूषित असेल तर जंतुसंसर्गाचा धोका असतो.

परदेशातही या विषयावर एकमत नाही. फ्रान्समधील पितिव्हिए येथील डॉ. मिशेल ओदाँ यांनी १९८३ साली ‘लॅन्सेट’ मध्ये पाण्यातील १०० बाळंतपणांचा अनुभव मांडला, तेव्हापासून युरोपात ही पद्धत रुजली. ब्रिटनमध्ये धोका नसलेल्या गरोदर स्त्रीला ती निवडता येते, मात्र पाणी ३७.५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम नको आणि ते तासातासाला मोजावे, अशी तेथील सूचना आहे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली वेगळी भूमिका घेतली : कळांच्या पहिल्या टप्प्यात कोमट पाण्यात बसल्याने वेदना कमी होऊन पाठीतील इंजेक्शनची गरज घटू शकते, पण प्रत्यक्ष जन्म पाण्याबाहेर व्हावा. मला हे मत अधिक पटते.

आपल्या टाक्याबाबत मात्र माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. आपण खारपाणपट्ट्यात राहता. तेथील विहिरी-बोअरचे पाणी कसे असते, हे मी आपल्याला सांगायला नको. नळाचे पाणी साठवले, तरी उघड्या टाक्यातले काही शे लिटर पाणी निर्जंतुक ठेवणे आणि तासन्‌तास एकाच तापमानाला राखणे बंबाच्या भरवशावर होत नाही. शिवाय बाळाच्या हृदयाचे ठोके सतत ऐकणारी प्रशिक्षित व्यक्ती जवळ नसेल, तर कोणते बाळ निरोगी आहे आणि कोणते गुदमरते आहे, हे कळणार कसे? बाळंतपण रुग्णालयातच करावे. तेथे कळा देताना हिंडणे-फिरणे, कंबर चोळून घेणे, सिस्टरांना विचारून कोमट पाण्याने अंग शेकणे आणि आपले माणूस जवळ असणे, यांनीही पत्नीला आराम पडेल.

प्रश्न : बाळ जन्मल्यावर रडले नाही, तर आमच्याकडील जुन्या सुईणी वार निखाऱ्यावर शेकत, फोडलेला कांदा नाकाशी धरत आणि बाळाला उलटे धरून धपाटे मारत. घरचे लोक आजही विचारतात, त्यांना काय सांगावे?
(एक आशाताई, धारणी तालुका)

उत्तर : वार शेकण्यामागे एक समजूत आहे : बाळाचा जीव अजून वारेत आहे, तो नाळेतून परत आणता येईल. ती अगदीच निराधार नाही, कारण नाळेत ठोका लागत असेपर्यंत बाळाला थोडे रक्त खरोखर मिळत असते. म्हणूनच बाळ ठीक असेल तर नाळ एक ते तीन मिनिटांनी कापावी, असे आता सांगितले जाते. परंतु गर्भाशयातून सुटून बाहेर आलेल्या वारेत प्राणवायू उरत नाही. ती शेकत बसण्यात पहिले मोलाचे मिनिट निघून जाते. उलटे धरल्याने आणि मारल्याने इजा होते, तर कांद्याने काहीच होत नाही.

दिवस भरलेल्या १०० बाळांपैकी सुमारे ८५ बाळे अर्ध्या मिनिटाच्या आत आपण होऊन श्वास घेतात. आणखी १० बाळांना कोरड्या उबदार कापडाने पुसून पाठ हलकेच चोळणे पुरते. उरलेल्या पाच-एक बाळांना पिशवी आणि मुखवट्याने हवा द्यावी लागते आणि ती पहिल्याच मिनिटात द्यायची असते. हे काम डॉक्टरच करू शकतात असे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्थानिक स्त्रियांना नवजात बाळाच्या काळजीचे शिक्षण दिले, त्यात गुदमरलेल्या बाळाला श्वास देणेही होते. तेथील नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आज आपण ज्या गृहभेटी देता त्यांचे मूळ त्या कामात आहे. शिकलेल्या हातांनीच पिशवी दाबावी, हे मात्र खरे. तेव्हा घरच्यांना एवढेच सांगा, की कळा सुरू होताच १०२ किंवा १०८ ला फोन करावा, बाळ न रडण्याची वाट पाहू नये.

प्रश्न : माझे बाळ रडले, तरी त्याचे हातपाय निळे होते. ते गुदमरले होते का?
(एक माता, जि. यवतमाळ)

उत्तर : बहुधा नाही. निरोगी बाळाच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाणही पहिल्या मिनिटाला ६० ते ६५ टक्केच असते आणि ते ८५ ते ९५ टक्क्यांवर पोहोचायला सुमारे दहा मिनिटे लागतात. तळहात-तळपाय तर त्यानंतरही काही काळ निळसर राहू शकतात. ओठ आणि जीभ निळी राहणे, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणे, कण्हण्यासारखा आवाज येणे किंवा बाळ शांत असताना पूर्ण मिनिट मोजूनही श्वास ६० किंवा त्याहून अधिक भरणे, यांपैकी काहीही दिसले तर मात्र बाळाला छातीशी उबेत धरून त्याच घटकेला रुग्णालयात न्यावे.