लेझरचा ठिपका एवढा मोठा, मग १ नॅनोमीटरची भोकं कशी छापतात?

तुम्ही विचारलंय की लेझरचा ठिपका शेकडो नॅनोमीटरचा, मग त्याने १ नॅनोमीटरची (म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढी) भोकं असलेली वस्तू कशी छापतात, आणि शिवोलीच्या तुमच्या खारट बोअरवेलचं पाणी गाळायला ती चालेल का. प्रश्न खूप आवडला, मी म्हापशाला कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

तर बघा, भोकं लेझर पाडतच नाही, ती जागा रेणूंनी आधीच आखलेली असते आणि कुठला भाग घट्ट करायचा तेवढंच लेझर ठरवतो. फ्रीडरिश राइनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला १८८८ साली एक पदार्थ मिळाला जो १४५.५ डिग्रीला वितळून दुधासारखा गढूळ झाला आणि १७८.५ ला एकदम स्वच्छ, त्या मधल्या अवस्थेत तो वाहतो पण रेणू शिस्तीत असतात, तेच लिक्विड क्रिस्टल. त्यातल्या स्मेक्टिक प्रकारात लांबट रेणू आपोआप थर लावून उभे राहतात, कोणी लावावे लागत नाहीत. दोन आडव्या-उभ्या पोलरायझरमधे (एकाच दिशेला कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या काचा) ठेवून मायक्रोस्कोपखाली बघितलं की पंख्यासारखी रंगीत नक्षी दिसते, आणि गरम करत नेलं की एका क्षणी सगळं काळं, म्हणजे शिस्त मोडली. म्हणून छापताना तापमान सांभाळणं फार महत्त्वाचं.

आता फटी कशा होतात ते. (फटीच म्हणायच्या, गोल भोकं नव्हेत.) असे रेणू घेतात ज्यांच्या जोड्या ॲसिडच्या टोकांनी हायड्रोजन बंधाने जुळलेल्या असतात आणि दुसऱ्या टोकाला ॲक्रिलेट (एकमेकांना साखळीसारखा जोडला जाणारा रासायनिक गट) असतं. ॲक्रिलेट जुळून प्लास्टिक बनलं की थर कायमचे पक्के होतात, मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात बुडवलं की मधले हायड्रोजन बंध सुटतात आणि थरांमधे साधारण १ नॅनोमीटरची वाट मोकळी होते, त्यात आयन आणि काही रंगद्रव्यं शिरतात.

लेझरचं काम ॲक्रिलेट जुळवण्याचं. साधारण ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे फेमटोसेकंदाचे (अतिशय क्षणिक) पल्स वापरतात, रसायनाला एकाच वेळी दोन फोटॉन (प्रकाशाचे कण) गिळावे लागतात (ही कल्पना मारिया गोपर्ट-मायर यांची, १९३१ ची) आणि त्याची शक्यता तीव्रतेच्या वर्गाने वाढते, त्यामुळे फक्त फोकसच्या टिंबात घट्ट होतं, आजूबाजूचं सॉल्व्हंटने धुऊन जातं. याच दोन फोटॉनच्या पद्धतीने जपानात २००१ साली १० मायक्रॉनचा बैल बनवला होता, साध्या रेझिनचा. म्हणजे बाहेरचा आकार लेझरचा, आतल्या फटी रेणूंच्या, दोन्ही मापं एकमेकांच्या आड येत नाहीत. थर कुठल्या दिशेला हवेत तेही आधी ठरवता येतं, काचेवर पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकचा थर देऊन तो मखमलीच्या कापडाने एकाच दिशेला घासतात. हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो.

बोअरवेलचं म्हणाल तर नाही, सध्या नाही. टिंब टिंब करत लिहायचं म्हणजे वेळ फार जातो, आणि तयार होतात त्या वस्तू अगदी बारीक, सेन्सर किंवा ठरावीक रेणू पकडणारे कण यांसाठी ठीक. मोठा पडदाच हवा असेल तर लेझर लागतच नाही, पूर्ण फिल्मवर एकदम यूव्ही मारला तरी फटी तयार होतात, फक्त थर पडद्याला आडवे न राहता उभे राहायला हवेत, नाहीतर पाणी आरपार जाणार कसं? तुम्ही आधी पाण्याचा टीडीएस (त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) तपासून घ्या आणि आरओ बसवा.