बेसबॉलचा गोलंदाज

प्रश्न आहे : एसा ब्रेनर्ड या जुन्या अमेरिकन खेळाडूबद्दल लिहिताना बेसबॉलच्या 'पिचर'ला, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्याला, मराठीत 'गोलंदाज' म्हटलं तर चालेल का?

खुशाल म्हणा. माझं डोकं उठतं ते फुटबॉलच्या बातमीत गोल करणाऱ्याला 'गोलंदाज' म्हणतात तेव्हा. अहो, तो गोल म्हणजे तोफेचा गोळा! पेशवाईत गोलंदाज तोफ डागायचा. क्रिकेट फार नंतरचं. पुढचं 'अंदाज' फारसी 'अंदाख्तन'मधलं, म्हणजे फेकणं. तीर फेकणारा तिरंदाज. माझा लाडका मात्र बरकंदाज : 'बर्क' म्हणजे वीज. वीज फेकणारा, म्हणजे साधा बंदूकवाला शिपाई!

'चेंडूचा अंदाज घेतो तो गोलंदाज' असं सांगणारे जाणकारही भेटतात. त्यांनी बरकंदाज विजेचा अंदाज कसा घेतो तेवढं समजावून द्यावं. माझ्या मते दोन्ही 'अंदाज' सख्खे भाऊच, नेम धरल्याशिवाय फेकणार काय? पण इथे राबतो तो फेकणारा भाऊ.

आता गंमत बघा. क्रिकेटमध्ये चेंडू फेकला की नोबॉल. म्हणजे शब्दाला जागायचं तर खरा गोलंदाज बेसबॉलमध्येच! फक्त ब्रेनर्डच्या वेळी तिथेही 45 फुटांवरून, हाताखालूनच चेंडू टाकावा लागे. खांद्यावरून फेकायची मोकळीक 1884 ची.

ब्रेनर्ड 1869 च्या सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्जचा, म्हणजे उघडउघड पगारी खेळाडूंच्या पहिल्या संघाचा. पगार 1,100 डॉलर. त्या वर्षी संघ एकही सामना हरला नाही. 14 जून 1870 ला ब्रुकलिनच्या अटलांटिक्सनी अकराव्या डावात 8-7 असं हरवलं. पुढे ब्रेनर्ड 1871 ते 1874 पहिल्या व्यावसायिक लीगमध्ये खेळला, पण जिंकण्यापेक्षा हरलाच जास्त, आणि कारकीर्द आटोपली. संघाच्या हुकमी पिचरला 'एस' म्हणतात ते याच्या 'एसा' नावावरून, ही तिकडची लाडकी थाप. एस म्हणजे पत्त्यांतला एक्का. मूळ लॅटिन 'आस', एक नाणं. ब्रेनर्डच्या जन्माआधी शब्द होता, विषय संपला.

त्याचा एक किस्सा सांगतात. चेंडू हातात, प्रतिस्पर्धी बेसवर (धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर) टपलेले, आणि मैदानातून ससा पळाला. ब्रेनर्डनं नेम धरून चेंडू सशालाच हाणला. ससा निसटला, समोरच्यांनी धावा काढून घेतल्या. याला गोलंदाज नाही म्हणायचं तर कोणाला?